जनरलसाहेब, तीन वर्षं थांबा

मार्च २०१८ मध्ये संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि त्यातल्या तीन आकड्यांनी दिल्लीत खळबळ उडवली. लष्कराकडच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू पिढीतली आणि जेमतेम ८ टक्के अत्याधुनिक. पैशाचा हिशेब त्याहून वाईट होता. आधुनिकीकरणासाठी तरतूद २१,३३८ कोटी रुपयांची, आणि आधीच मार्गी लागलेल्या १२५ योजनांची देणी २९,०३३ कोटींची. नवं काही घेणं लांबच राहिलं, जुनी उधारीही त्यात फिटत नव्हती. समितीपुढे हे सांगितलं होतं तत्कालीन उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी. समितीच्या अध्यक्षपदी होते मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी (सेवानिवृत्त), सत्ताधारी भाजपचेच खासदार.

पुढचा घटनाक्रम असा. शरत चंद मे २०१८ अखेर निवृत्त झाले. सप्टेंबरमध्ये खंडुरींच्या जागी कलराज मिश्र समितीचे अध्यक्ष झाले. एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभेच्या मतदानाला आठवडाही उरला नसताना, शरत चंद यांनी भाजपमध्ये प्रवेश केला.

दोघांपैकी कुणी काही गैर केलं असं म्हणायला कसलाही आधार नाही. निवृत्त अधिकाऱ्याला हव्या त्या पक्षात जायचा हक्क आहे, आणि समितीचा अध्यक्ष बदलायचा अधिकार लोकसभाध्यक्षांचा. तरीही या दोन माणसांकडे एकत्र पाहिलं की सेनाधिकारी आणि राजकारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समोर येतात. फौजेत छत्तीस वर्षं काढून आलेला माणूस संसदेत असेल तर तो कोणता प्रश्न विचारू शकतो, ही एक बाजू. आणि काल सरकारला अडचणीची आकडेवारी देणारा अधिकारी निवृत्तीनंतर दहा महिन्यांत त्याच सरकारच्या पक्षाचा झाला, तर उद्या साक्षीला येणाऱ्या अधिकाऱ्याकडे समितीने कोणत्या नजरेने पाहायचं, ही दुसरी.

माझं म्हणणं सरळ आहे. सेनाधिकाऱ्यांनी राजकारणात यावं, पण वरच्या पदांवरून निवृत्त झालेल्यांनी मध्ये तीन वर्षं जाऊ द्यावीत, आणि हे त्यांच्या सदसद्विवेकावर न सोडता कायद्यात लिहावं.

खंडुरींची कारकीर्द या चर्चेत फार उपयोगी पडते, कारण तीत फौजी शिस्तीचं जे चाललं तेही दिसतं आणि जे आपटलं तेही. १९५४ ते १९९० ते कोर ऑफ इंजिनिअर्समध्ये होते. १९९१ मध्ये गढवालमधून लोकसभेवर निवडून आले, १९९६ मध्ये सतपाल महाराजांकडून हरले, १९९८ पासून पुन्हा जिंकत राहिले. गढवाल हा फौजी कुटुंबांचा मुलूख, घरटी कुणी ना कुणी पलटणीत गेलेला, त्यामुळे जनरलला तिथे ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाय उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणांच्या नात्यातले असल्याने राजकारण घराला परकं नव्हतं. नुसत्या गणवेशावर निवडून आलेला जनरल आपल्याकडे शोधावाच लागतो.

नोव्हेंबर २००० मध्ये वाजपेयींनी त्यांच्याकडे रस्ते वाहतुकीचं खातं दिलं. चार महानगरं जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचे ५,८४६ किलोमीटर आणि त्यावर उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम मार्गिका. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे एक रुपयाचा उपकर लावला होता, त्यामुळे पैशाचा झरा ठरलेला होता. अडत होतं ते पैशाआधी आणि पैशानंतर. महामार्गाचं काम रेंगाळतं ते डांबर कमी पडलं म्हणून नव्हे. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालची भूसंपादनाची अधिसूचना निघते, पण मोबदला ठरवणारा महसूल अधिकारी दोनदा बदलून जातो. विजेचे खांब आणि पाण्याच्या वाहिन्या हलवायचं काम राज्याच्या खात्यांकडे असतं आणि त्यांना घाई नसते. झाडं तोडायची परवानगी वन खात्याकडे पडून राहते. रेल्वेवरच्या पुलाचं रेखाचित्र रेल्वे मंजूर करेपर्यंत दोन्ही बाजूंचा रस्ता तयार होऊन मधे खड्डा उरतो. कंत्राटदाराला पूर्ण लांबी मोकळी करून दिली नाही की तो नुकसानभरपाईचा दावा लावतो, आणि एकदा प्रकरण लवादात गेलं की तारखाच तारखा.

यातलं कुठलंही काम अवघड नाही. प्रत्येक काम दुसऱ्याच्या टेबलावर आहे, इतकंच. फौजेतल्या इंजिनिअरचं प्रशिक्षण नेमकं याच जागी कामी येतं. पूल अमुक वाजता उभा राहिलाच पाहिजे, कारण त्यानंतर रणगाडे येणार आहेत. मग उलट्या बाजूने मोजत यायचं, प्रत्येक टप्प्याला एक नाव आणि एक वेळ लावायची, आणि वेळ चुकली तर त्या नावाला विचारायचं. या सवयीचा मंत्री रस्ते खात्याला मिळाला आणि कामाने वेग धरला. वेग सगळीकडे सारखा नव्हता. चतुष्कोनाची मूळ मुदत पाळली गेली नाही, शेवटचे तुकडे पूर्ण व्हायला २०१२ उजाडलं. नोव्हेंबर २००३ मध्ये याच योजनेवरच्या सत्येंद्र दुबे या अभियंत्याचा गयेत खून झाला. कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं, नाव गुप्त ठेवायची विनंतीही केली होती, आणि ते पत्र नावासकट खाली सरकत गेलं. वरिष्ठ स्वच्छ आणि शिस्तीचा असून भागत नाही, खालच्या साखळीत निरोप कसा फिरतो हेही कुणीतरी पाहावं लागतं. फौजेत त्या साखळीवर कमांडरचा हात असतो, खात्यात नसतो.

मुख्यमंत्रिपदाच्या काळात हाच फरक जास्त टोचला. मार्च २००७ मध्ये खंडुरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते आमदार नव्हते. त्यांच्यासाठी धुमाकोटची जागा रिकामी केली ती लेफ्टनंट जनरल तेजपालसिंह रावत यांनी, तेही काँग्रेसच्या आमदाराने. मग रावत भाजपमध्ये आले आणि खंडुरींनी सोडलेल्या गढवालच्या लोकसभेच्या जागेवर २००८ ची पोटनिवडणूक जिंकले. एका जनरलने दुसऱ्या जनरलला वाट दिली आणि मोबदल्यात पक्ष बदलून दिल्लीचं तिकीट मिळवलं. फौजी माणूस राजकारणात आला की राजकारण शिस्तीचं होतं म्हणणाऱ्यांनी ही अदलाबदल जरूर अभ्यासावी.

आमदार हा कुणाचा हाताखालचा माणूस नसतो. त्याला भेटायची वेळ नाकारली, बदलीची शिफारस फेटाळली, कंत्राटाच्या फायलीवर शेरा मारला, की तो दिल्ली गाठतो. खंडुरी कडक होते, आणि त्यांच्याच पक्षातले नाराज आमदार दिल्लीत फेऱ्या मारू लागले. २००९ मध्ये उत्तराखंडातल्या पाचही लोकसभा जागा भाजपने गमावल्या आणि त्यांना जावं लागलं. सप्टेंबर २०११ मध्ये, निवडणूक तोंडावर आल्यावर, पक्षाने त्यांनाच परत बोलावलं. ‘खंडुरी है जरूरी’ ही घोषणा त्याच वेळची. त्यांनी नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यालाही कक्षेत घेणारं लोकायुक्त विधेयक संमत करून घेतलं. वाहवा झाली, पण त्यात एक मेख होती. मुख्यमंत्री, मंत्री किंवा आमदार यांची चौकशी करायची तर लोकायुक्तांच्या सगळ्या सदस्यांचं एकमत लागणार होतं. एकाने मान हलवली नाही की चौकशी थांबली. २०१४ मध्ये पुढच्या सरकारने तो कायदाच बदलला.

२०१२ चा निकाल तर कुणी रचून सांगितला असता तर खोटा वाटला असता. काँग्रेस ३२, भाजप ३१, आणि ज्याच्या नावावर निवडणूक लढवली तो मुख्यमंत्री स्वतः कोटद्वारमध्ये पराभूत. स्वच्छ प्रतिमेने पक्षाला जवळपास काठावर आणलं, आणि आपला मतदारसंघ बांधायचं काम, जे पावलापावलाने करावं लागतं, ते राहून गेलं.

या सगळ्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. फौजी कारकीर्द ही राजकारणातली पात्रता नव्हे आणि अपात्रताही नव्हे. ती काही कामांना फार उपयोगी पडते, आणि माणसं जोडून ठेवण्याच्या कामात आड येऊ शकते. ते मतदारांनी पारखावं, त्यासाठी कायदा नको. खंडुरी निवृत्त झाल्यावर साधारण वर्षभरातच निवडून आले, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. मेजर जनरल हुद्द्यावर, इंजिनिअर शाखेत असलेल्या अधिकाऱ्याची बढती कुठल्या मंत्र्याच्या मर्जीवर फारशी अवलंबून नसते. म्हणून तीन वर्षांची अट सरसकट लावा म्हणणारे मला पटत नाहीत.

वरच्या पायरीवर मात्र चित्र वेगळं आहे. अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिणारे, तपासणारे आणि त्यावर पुन्हा नजर टाकणारे सगळे गणवेशातले असतात, गुण नऊपैकी दिले जातात, आणि कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरलपर्यंतच्या निवडी मंडळांमधून होतात. या मंडळांच्या शिफारशी सरकारकडे जातात हे खरं, पण गाळणी फौजेची असते. आर्मी कमांडर, उपप्रमुख आणि प्रमुख या पायऱ्यांवर शेवटचा शब्द मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा. ज्येष्ठता डावलायचा अधिकार तिला आहे आणि तो वापरला गेलेला आहे. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हांना डावलून आपल्या अरुणकुमार वैद्यांना प्रमुख केलं गेलं, सिन्हांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये दोन ज्येष्ठांना मागे ठेवून बिपिन रावत आले. निवड चुकीची होती असं नव्हे, दोन्ही अधिकारी उत्तम होते. पण ज्याला निवडायचा अधिकार आहे त्याच्याच पक्षाकडे उद्या तिकीटही असेल, तर वरच्या तीस-चाळीस अधिकाऱ्यांच्या डोक्यात तो हिशेब शिरणारच. सगळ्यांच्या नाही. एकाच्या शिरला तरी पुरे.

त्यात २०२२ ची भर पडली. त्या वर्षी नियम बदलून बासष्टच्या आतल्या निवृत्त लेफ्टनंट जनरललाही संरक्षण दल प्रमुख करायची सोय केली गेली, आणि सप्टेंबरात सुमारे सव्वा वर्षापूर्वी निवृत्त झालेले अनिल चौहान त्या पदावर आले. चांगल्या अधिकाऱ्याला बोलावता यावं हा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा की निवृत्तीनंतरही गणवेश परत मिळू शकतो, आणि तो देणारं सरकारच असतं. तेव्हा निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून माणूस मोकळा, हे गृहीतकच आता लंगडं झालं आहे.

मध्ये काळ न जाऊ दिल्यास काय होतं याचं सर्वांत ठळक उदाहरण जनरल विजयकुमार सिंह यांचं. जन्मवर्ष १९५० की १९५१ या वादात ते लष्करप्रमुखपदी असतानाच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अर्ज मागे घेतला. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना त्यांनी लेफ्टनंट जनरल दलबीरसिंह सुहाग यांच्या बढतीवर शिस्तभंगाच्या कारणाने बंदी घातली. पुढच्या प्रमुखांनी ती उठवली. सप्टेंबर २०१३ मध्ये सिंह रेवाडीत नरेंद्र मोदींच्या माजी सैनिकांच्या सभेत व्यासपीठावर होते, मार्च २०१४ मध्ये भाजपमध्ये आले, गाझियाबादहून साडेपाच लाखांहून अधिक मताधिक्याने जिंकले आणि मंत्री झाले. तोवर सुहाग पुढचे लष्करप्रमुख म्हणून जाहीर झाले होते. जून २०१४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की सुहाग यांच्यावरची ती बंदी बेकायदा आणि हेतुपुरस्सर होती. त्यावर त्याच सरकारातल्या राज्यमंत्री सिंह यांनी नियोजित लष्करप्रमुखांवर ट्विटरवरून जाहीर टीका केली. अखेर अरुण जेटलींना संसदेत सांगावं लागलं की नियुक्ती पक्की आहे.

व्यक्तीचा राग बाजूला ठेवून हे पाहा. दोन वर्षांपूर्वीचा लष्करप्रमुख, त्याने ज्याची बढती रोखली तो अधिकारी, आणि दोघांच्या भांडणाचा निवाडा करणारं मंत्रालय, हे तिघे एकाच सरकारात, एकाच महिन्यात. सुहाग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्रिगेडियरला यातून काय कळलं असेल? फौजेतले तंटे आता मंत्रिमंडळात सुटतात, इतकंच. सिंह यांच्याबद्दल दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना बाहेर काढण्याच्या मोहिमेवर ते स्वतः जिबुतीत जाऊन बसले, आणि ते काम मंत्र्यापेक्षा जनरलचंच होतं. तीन वर्षांनी राजकारणात आले असते तर हे कौशल्य कुठे पळून गेलं नसतं. जुनी प्रकरणं मात्र तोवर निकालात निघाली असती.

तीनच वर्षं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर लष्करी कायद्यातच सापडतं. सेना अधिनियम १९५० च्या कलम १२३ नुसार सेवेत असताना केलेल्या गुन्ह्याबद्दल निवृत्त अधिकाऱ्यावर लष्करी न्यायालयात खटला सुरू करता येतो, पण निवृत्तीपासून तीन वर्षांच्या आत. आधी ही मुदत सहा महिन्यांची होती, १९९२ मध्ये ती वाढवली. म्हणजे कायद्याच्या नजरेत अधिकारी तीन वर्षं अजून फौजेला उत्तरदायी आहे. या काळात तो खासदार किंवा मंत्री झाला तर त्याच्यावर खटला चालवायचा की नाही हा निर्णय आपोआप राजकीय होऊन बसतो. चालवला तर सूडबुद्धी, न चालवला तर पाठीशी घातलं.

श्रीलंकेत याची किंमत मोजली गेली. जनरल सरथ फोन्सेकांनी नोव्हेंबर २००९ मध्ये गणवेश उतरवला आणि जानेवारी २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षेंविरुद्ध निवडणूक लढवली. हरल्यावर दोन आठवड्यांच्या आत अटक, त्याच वर्षी कोर्ट मार्शल, गणवेशात असताना राजकारण केल्याचा ठपका, हुद्दा आणि पदकं जप्त. २०१५ मध्ये सरकार बदललं, माफी मिळाली, आणि तेच फोन्सेका फील्ड मार्शल झाले. हुद्दा निवडणुकीच्या निकालाप्रमाणे वर-खाली होणार असेल तर तो हुद्दा राहत नाही.

बाकीच्या देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. इस्रायलमध्ये पूर्वी जनरल महिन्या-दोन महिन्यांत मंत्रिमंडळात जात. २००७ मध्ये तिथे वरिष्ठ सेनाधिकारी आणि गुप्तचर प्रमुखांसाठी तीन वर्षांची अट आली. पाकिस्तानच्या घटनेत सरकारी सेवेतून बाहेर पडल्यावर दोन वर्षांची अट आहे, बांगलादेशच्या निवडणूक कायद्यात तीन. (पाकिस्तानात ती कितपत कामी आली, हा वेगळा विषय. तिथले जनरल निवडणूक लढवायची तसदी घेत नाहीत.) अमेरिकेत संरक्षणमंत्री व्हायला आधी दहा, २००८ पासून सात वर्षं सेवेबाहेर असावं लागे, आणि आता जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी ती अट पुन्हा दहा वर्षांची आहे. पण तिथल्या संसदेने १९५० मध्ये जॉर्ज मार्शल, २०१७ मध्ये मॅटिस आणि २०२१ मध्ये ऑस्टिन यांच्यासाठी सूट दिली. अटीत सूट द्यायची खिडकी ठेवली की ती उघडली जातेच, हा त्यातला धडा.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही, जे आहे ते उलट्या प्राधान्याने आहे. निवृत्त अधिकाऱ्याला वर्षभरात खासगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. सल्लागार व्हायला परवानगी लागते, खासदार व्हायला लागत नाही. २०१२ मध्ये निवडणूक आयोगाने सनदी अधिकाऱ्यांसाठी अशी अट सुचवली, सरकारने ती मान्य केली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय कायदेमंडळाचा आहे म्हणून याचिका फेटाळली. म्हणजे चेंडू संसदेकडे आहे.

संसदेने करायचं काय, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ (१) (ङ) खाली लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम वाढवायचं. तिथे नमुना आधीच आहे. कलम ९ नुसार भ्रष्टाचार किंवा राज्यसंस्थेशी निष्ठाहीनता या कारणाने बडतर्फ झालेला सरकारी नोकर पाच वर्षं निवडणुकीला अपात्र असतो. त्याच्या शेजारी नवं कलम बसू शकतं. लेफ्टनंट जनरल आणि नौदल-हवाई दलातले समकक्ष, त्यावरचे सगळे, शिवाय शेवटच्या पाच वर्षांत लष्करी कारवाया किंवा लष्करी गुप्तवार्ता यांचं महासंचालकपद भूषवलेले अधिकारी, यांना निवृत्तीच्या तारखेपासून तीन वर्षं लोकसभा, राज्यसभा, विधानसभा आणि विधान परिषद चारही बंद. राज्यसभा विसरायची नाही, कारण मागचं दार तेच. सहा महिने सभागृहाबाहेर राहून मंत्री होता येतं, तीही फट त्याच कलमात बुजवावी. मुदत उमेदवारी अर्जाच्या दिवशी मोजावी, पक्षप्रवेशाच्या नव्हे.

पक्षप्रवेशच का रोखू नये, असं काही निवृत्त अधिकारीच विचारतात. तो घटनेत टिकायचा नाही. अनुच्छेद ३३ खाली सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क आवळता येतात, पण निवृत्त माणूस सैन्यात नाही, आणि संघटना करायचा हक्क मूलभूत आहे. निवडणूक लढवायचा हक्क मात्र कायद्याने दिलेला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगून ठेवलं आहे. कायद्याने दिलं त्याला कायदा अट लावू शकतो. यात एक उणीव राहते, ती मान्य केली पाहिजे. अर्ज न भरता प्रचाराच्या व्यासपीठावर बसणारा जनरल या कलमातून सुटतो. त्याला आवरायला फौजेचा संकेत आणि माजी अधिकाऱ्यांची भीड एवढंच साधन आहे, आणि २०१९ च्या प्रचारात दोन्ही तोकडी पडली. त्या वेळी गाझियाबादच्या सभेत योगी आदित्यनाथांनी ‘मोदीजी की सेना’ म्हटलं, आयोगाने समज दिली, आणि सभा होती ती जनरल सिंह यांच्याच प्रचाराची.

राज्यपालपद ही मोठी अडचण. त्याची पात्रता घटनेतच आहे, नागरिकत्व आणि पस्तीस वर्षं वय, त्यामुळे साध्या कायद्याने अट घालता येत नाही. जनरल जे. जे. सिंग सप्टेंबर २००७ अखेर निवृत्त झाले आणि जानेवारी २००८ मध्ये अरुणाचलच्या राजभवनात गेले. सीमेवरच्या राज्यात माजी प्रमुख असणं व्यवहारात सोयीचं असेलही, पण चार महिन्यांत? पुढे २०१७ मध्ये ते अकाली दलाकडून पतियाळात कॅप्टन अमरिंदर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि अनामतही गेली. इथे उपाय एकच, बढतीच्या वेळी हमीपत्र घेणं. लेफ्टनंट जनरलचे फीत-तारे लावायच्या आधी अधिकाऱ्याने लिहून द्यावं की निवृत्तीनंतर तीन वर्षं कोणतंही घटनात्मक किंवा सरकारी नियुक्तीचं पद घेणार नाही, राजदूतपद आणि संरक्षण दल प्रमुखपद वगळून. न्यायालयात ते किती टिकेल याची शंका असली तरी पद देऊ पाहणाऱ्या सरकारला ते जाहीरपणे मोडावं लागेल.

‘फक्त जनरलच का? पोलीस आयुक्त, सचिव, न्यायमूर्ती यांचं काय?’ हा आक्षेप मुंबईच्या वाचकाला तर लगेच सुचेल. जानेवारी २०१४ अखेर सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते, फेब्रुवारीत भाजपमध्ये होते, मे महिन्यात बागपतचे खासदार. आक्षेप बरोबर आहे. सगळ्यांना लावा. पण सगळ्यांसाठी एकत्र कायदा येईपर्यंत फौजेचा थांबवून ठेवू नका, कारण पोलीस आयुक्ताच्या राजकीय कलाची शंका एका शहराला येते आणि लष्करप्रमुखाच्या कलाची शंका शेजारच्या देशालाही येते. एअर चीफ मार्शल भदौरिया राफेल खरेदीच्या वाटाघाटींत भारतीय पथकाचे प्रमुख होते. सप्टेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाले, मार्च २०२४ मध्ये भाजपमध्ये आले. अडीच वर्षं. त्यांनी वाटाघाटी चोख केल्या असतील, पण विरोधी पक्षाला आयता मुद्दा मिळाला, आणि पुढच्या वाटाघाटींतल्या अधिकाऱ्याच्या सहीकडे लोक आता दोनदा पाहणार.

दुसरा आक्षेप असा की तीन वर्षांत माणसाचं नाव लोक विसरतात. विसरतात तर विसरू द्या. करिअप्पा १९५३ मध्ये निवृत्त झाले आणि १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून शिवसेनेच्या पाठिंब्यावर लोकसभेला उभे राहिले. मधली अठरा वर्षं पुरेशी होती, मतदारांनी त्यांना पाडलं. भारताचा पहिला भारतीय सरसेनापती असूनही. ढाक्याची शरणागती घेणारे जगजितसिंग अरोरा निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, १९८६ मध्ये, अकाली दलाकडून राज्यसभेत गेले, तेही १९८४ नंतरच्या शीख समाजाच्या प्रश्नावर बोलायला. त्या दोघांच्या राजकारणाबद्दल मतभेद असतील, त्यांच्या शेवटच्या हुकमांबद्दल कुणाला शंका नाही.

अंमलाची तारीख हा यातला सर्वांत नाजूक भाग, आणि कायदा पाडायचा असेल तर तो तिथेच पाडला जाईल. आज निवृत्त असलेल्यांना तो लावला तर प्रत्येक पक्ष आपला जनरल मोजत बसेल. म्हणून कायदा संमत झाल्यानंतर लेफ्टनंट जनरल होणाऱ्यांपासून तो सुरू करावा. त्या अधिकाऱ्यांना हुद्दा घेतानाच अट माहीत असेल, पूर्वलक्षी अन्याय झाल्याची तक्रार उरणार नाही, आणि पहिल्या तुकडीला अट लागू होईपर्यंत बहुधा एक निवडणूक होऊन गेलेली असेल. तेव्हा कोणाचं सरकार असेल हे आज कुठल्याच पक्षाला सांगता येत नाही. असं विधेयक दोन्ही बाजूंनी हात वर करून संमत होण्याची शक्यता असेल, तर ती त्याच अवस्थेत.